आबांच्या पिकअपची काळी वेणी

आबांनी पहिल्याच दिवशी अट घातली. गाडीच्या टपाला भोक पाडायचं नाही.

"रेडिओ बसवा, देव्हारा बसवा, मी काय म्हनत न्हाय वहिनी. पर टपाला भोक न्हाय. पावसात डोक्यावर गळाय लागलं तर गाडी चालवू का छत्री धरू?"

वहिनी म्हणजे बारामतीच्या काकू. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तंत्रज्ञ म्हणून काढली. आबांचे थोरले भाऊ त्यांच्याबरोबर नोकरीला होते, म्हणून आबा त्यांना वहिनी म्हणतात. मी काकू म्हणते. आमची ओळख झाली तेव्हा मी त्यांच्या दारात पत्रक घेऊन उभी होते आणि दार उघडणाऱ्या बाईला मी दुसरं काय म्हणणार होते?

मी पत्रकांच्या घरात वाढले. वडील सुप्याच्या आठवडी बाजारात पत्रकं वाटायचे, आई ती दुमडायची आणि मी त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बाराखडी गिरवायचे. पाण्याचं समान वाटप, हुंडा, अंगात येणं, खुरपणीच्या बायकांची मजुरी. जगात जे चुकीचं आहे ते एका पानात मांडता येतं आणि खाली तीन मागण्या लिहिता येतात, असं मला लहानपणापासून वाटत आलं आहे. अजूनही वाटतं. हे आधीच सांगते, कारण पुढं जे झालं त्यानं माझी मतं बदलली असं कुणाला वाटायला नको.

काकूंनी ते पत्रक दारातच उभं राहून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. एवढं करणारी माणसं थोडी. मग नीट घडी घातली आणि विचारलं, "हे वाचून कुणी उत्तर देतं का?"

मी म्हणाले, "नाही."

तेवढ्यात माडीवरून खरखरीत आवाज आला. कुणीतरी इंग्रजी अक्षरं आणि आकडे पुन्हा पुन्हा म्हणत होतं. "थांब, मला बोलावतायत," म्हणत काकू जिन्याकडं वळल्या आणि मी चपला काढून त्यांच्या मागं गेले. माडीवर एका जुन्या शिलाई मशीनच्या टेबलावर रेडिओ होता. पलीकडचा माणूस केरळात कुठंतरी होता. त्याच्याकडं पाऊस पडत होता, काकूंच्या गच्चीवर पापड वाळत होते. दोघांनी एकमेकांना हवामान सांगितलं, आवाज कसा ऐकू येतोय ते सांगितलं आणि निरोप घेतला.

याला हौशी रेडिओ म्हणतात. परीक्षा द्यायची, सरकारकडून परवाना घ्यायचा आणि स्वतःच्या सेटवरून स्वतःच्या नावाच्या सांकेतिक अक्षरांनी बोलायचं. 'हौशी' या शब्दाचा मला राग आला होता. हौस ही पोट भरलेल्यांची गोष्ट, अशी माझी समजूत. पण वर्षभरात मीही परीक्षा दिली. काकूंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "इथं तीन गोष्टी चालत नाहीत. धंदा, राजकारण आणि गाणी." पहिलं आणि तिसरं मला जमण्यासारखं होतं. मधल्यासाठी मात्र जीभ चावून बसावं लागलं. बटण दाबलं की आपण बोलायचं, सोडलं की ऐकायचं. दोन्ही एकदम होत नाही. मला बटण सोडायला शिकायला सहा महिने लागले.

आबांच्या गाडीत रेडिओ बसवायचं कारण आबांच्या घरातच होतं.

आबांची वस्ती इंदापूर तालुक्यात वरकुट्याच्या शिवारात. घराभोवती काकडी आणि ढोबळी मिरची, ओढ्याच्या बाजूला ऊस. मागच्या उन्हाळ्यात वळवाचं वादळ आलं. विजेचे खांब झोपले आणि मोबाइलचा मनोरा मुका झाला. दुसऱ्या दिवशी काकडीचे मोडलेले मांडव आवरताना आक्कांना, म्हणजे आबांच्या बायकोला, पायाला साप चावला. आबा फोन घेऊन पाण्याच्या टाकीवर चढले, रेंज नाही. शेजारच्या वस्तीवर धावले, तिथंही नाही. शेवटी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकली आणि रस्त्यावर पडलेली झाडं चुकवत इंदापूर गाठलं. आक्का वाचल्या. उजव्या पायाची दोन बोटं अजून बधिर आहेत. पण आबा सांगतात ते वेगळंच. "मी टाकीवर हुबा होतो वहिनी. हातात फोन. आनि बोलायला कोन न्हाय. त्या टायमाला मला कळलं की ही नुसती काच हाय."

त्यानंतर आक्कांनी दोन गोष्टी सुरू केल्या. शेतात पाऊल टाकताना काठी आपटायची आणि दर शनिवारी, पुढं घेतलेल्या नव्या पिकअपच्या मागं लिंबू-मिरची बांधायची. आणि आबा बारामतीला काकूंच्या माडीवर जाऊन म्हणाले, "ह्ये माज्या गाडीत बसंल का?"

आपण एखाद्या माणसाला का मानतो ते त्याला काम करताना बघितल्याशिवाय नीट कळत नाही. मी काकूंना चार रविवार त्या पिकअपवर काम करताना बघितलं.

सेट बसवायला डॅशबोर्डवरच्या चार्जिंगच्या खाचेतून वीज घेता येते. बरेच जण तसं करतात. काकूंनी थेट बॅटरीपासून दोन जाड वायरी आणल्या, दोन्हीवर बॅटरीजवळच फ्यूज टाकले. बॉनेटमधून केबिनमध्ये शिरताना पत्र्याची धार वायरीला कापू नये म्हणून भोकात रबर बसवलं. "आग लागते ती मोठ्या चुकीनं नाही," त्या म्हणाल्या, "पत्र्याच्या धारेनं लागते. रोज केसभर घासते, वर्षानं उघडी पडते." सीटखालून जाणारी अँटेनाची केबल त्यांनी गाडीच्या बाकी वायरींपासून लांब ठेवली आणि दर वितीवर बांधली. मी एका ठिकाणी बांधायचं विसरले होते. त्यांनी सीट परत उचलली, बांधलं, सीट बसवली.

टप वर्ज्य असल्यामुळं अँटेना लागणार होती मागच्या हौद्याच्या डाव्या कोपऱ्यावर. माणसापेक्षा उंच सळई, मध्ये तांब्याच्या तारेची गुंडाळी, तळाशी जाड बोल्ट. त्या बोल्टखालचा रंग काकूंनी कानशीनं घासायला घेतला तेव्हा आबा जवळ येऊन उभे राहिले.

"वहिनी, नवी गाडी हाय. रंग कशाला खरवडताय?"

"आबा, तुम्हाला दिसते ती सळई म्हणजे अर्धीच अँटेना. उरलेली अर्धी म्हणजे तुमची गाडी. सगळं लोखंड. रंग मध्ये आला तर दोघांची गाठच पडत नाही."

आबांनी गाडीला एक फेरी मारली. "म्हंजे माजी गाडीच बोलनार?"

"व्हय," काकू त्यांच्यासारखंच म्हणाल्या. "तुमची गाडीच बोलणार."

त्यानंतर आबा भेटेल त्याला सांगत सुटले की आपली गाडी बोलते.

अडचण एकच होती. पिकअपचा हौदा खालच्या चासीवर रबराच्या गादीवर बसलेला असतो. म्हणजे लोखंड आहे, पण एकमेकांना धरून नाही. हौदा आणि चासी तांब्याच्या रुंद पट्टीनं जोडावी लागतात. ती पट्टी काकूंनी बारामतीच्या भंगारवाल्याकडून आणली. बारीक तारांची विणलेली, जुन्या केबलच्या आवरणातली. भंगाराच्या ढिगात त्यांनी ती लांबून ओळखली. एक्स्चेंजमधली तशी केबल त्यांनी स्वतः पावसात गटारीकाठी उभं राहून टाकून घेतली होती. "हिला आम्ही वेणी म्हणायचो," त्या म्हणाल्या. मला वाटलं आता डोळे भरून येतील. तसं काही झालं नाही. त्यांनी वेणी घासून लखलखीत केली, दोन्ही टोकांना सोल्डर मारलं आणि पिशवीत टाकली.

वेणी बसवली त्या रविवारी मी सुप्याला एका सभेत होते. पाणी शिरू नये म्हणून काकूंनी तिच्यावर काळी टेप गुंडाळली होती, हे मला माहीत नव्हतं.

एवढं सगळं ज्यासाठी चाललं होतं, ती गोष्ट इंदापुरात होती. तालुक्याच्या कचेरीत पावसाळ्याआधी आपत्तीचा आराखडा तयार होतो. कुठल्या गावात बोट, कुठं दोर, कुठं कोणाला फोन करायचा. काकू तिथं तीनदा जाऊन आल्या. फोनच बंद पडला तर काय, एवढाच त्यांचा प्रश्न होता. तिसऱ्या वेळी तिथल्या साहेबांनी चाचणी लावली. सोमवारी सकाळी अकरा वाजता तलाठी भाऊसाहेब बंद पाकीट घेऊन वरकुट्याला येतील. पाकीट गाडीजवळ फोडायचं, आतला मजकूर रेडिओवरून इंदापूरला सांगायचा. कचेरीत काकूंच्या ओळखीचे कॉलेजचे एक सर आपला सेट घेऊन बसतील, साहेब शेजारी. शब्दाला शब्द पोचला तर आबांची गाडी आराखड्यात जाईल. नाही पोचला तर पुढच्या वर्षी बघू.

पुढच्या वर्षी बघू म्हणजे काय, ते सरकारी दारात अर्ज घेऊन उभं राहत वाढलेल्या मला माहीत होतं. काकूंनाही माहीत होतं. आणि मधला पावसाळा आबांनी पाण्याच्या टाकीवर काढायचा.

रविवारी सकाळी आम्ही बोलून बघितलं. सरांचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा आला. काकूंकडं एक छोटं मीटर आहे. सेटमधून अँटेनाकडं किती शक्ती जाते आणि किती परत फिरते ते दाखवणारं. परत येणारा काटा जागचा हलत नव्हता. काकू समाधानानं बारामतीला गेल्या. मी गाडी पुसायला थांबले.

फडकं घेऊन मागच्या बाजूला आले तर डाव्या कोपऱ्याखाली लिंबू-मिरची लोंबत होती.

आदल्या दिवशीचीच. एक लिंबू, सात मिरच्या, बारीक लोखंडी तारेत ओवलेल्या, आणि ती तार एका जाड काळ्या दोऱ्याला पीळ देऊन बांधलेली. मी तिथंच उभी राहिले. या एका विषयावर माझ्या वडिलांनी किती पत्रकं काढली असतील. उद्या तालुक्याची माणसं विज्ञानाची गाडी बघायला येणार आणि मागं हे. मी आक्कांशी बोलायला हवं होतं. त्या घरात भाकरी करत होत्या, वीस पावलांवर. मी गेले नाही. पेटीतून कटर काढलं, काळा दोरा वर आणि खाली असा दोन ठिकाणी कापला आणि ते सगळं ओढ्याकडच्या उसात फेकून दिलं. कापताना दोरा दोऱ्यासारखा लागला नाही, जरा करकरला. तेही मी मनावर घेतलं नाही. फार बरं वाटत होतं मला.

सोमवारी काकू दहाला आल्या. तलाठी भाऊसाहेब मोटारसायकलवरून सव्वादहाला. आक्कांनी चहा टाकला. काकूंनी सेट सुरू केला, इंदापूरला हाक मारली. उत्तर नाही. फक्त खरखर आणि तिच्या तळाशी कुणीतरी बोलल्याचा भास. काकूंनी मीटरकडं बघितलं. परत येणारा काटा निम्म्याच्या पुढं गेला होता.

"काय झालं?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"जेवढं पाठवतोय त्यातलं निम्मं घरी परत येतंय," काकू म्हणाल्या.

"आमच्या अर्जागत," आबा पुटपुटले.

भाऊसाहेब हसले, पण त्यांनी घड्याळ बघितलं. साडेदहा. काकूंनी अँटेनाचा बोल्ट तपासला. केबलचं टोक उघडून परत लावलं. फ्यूज बघितले. काटा होता तिथंच. पावणेअकरा झाले. आबा सारखे पाण्याच्या टाकीकडं बघत होते आणि त्यांना तसं बघताना मी पहिल्यांदाच बघत होते.

काकू केबिनमधून उतरल्या. हात पुसले.

"आता गाडीला नाही, आपल्यालाच विचारायचं," त्या म्हणाल्या. "एक्स्चेंजमध्ये आमची पद्धत होती. फॉल्ट सापडला नाही की सगळे गोल उभे राहायचे. कुणाचं चुकलं असं कुणी विचारायचं नाही. रविवारी सकाळी गाडी चांगली होती. त्यानंतर शेवटचा हात कशाला लावला, एवढं प्रत्येकानं सांगायचं. मी आज सेटचा प्लग बसवला. आबा?"

"मी काल दुपारी गाडी सावलीला घेतली. आनि फाळका पाडून बसलो, तमाकू मळत. बास."

"आक्का?"

आक्का पदर सावरत पुढं आल्या. "मी काल काय केलं न्हाय. शनवारी लिंबू बांदलं."

"कुठं?"

"मागं. डावीकडं. लोंबतंय न्हवं ते काळं, त्येला."

काकूंचा चेहरा एकदम बदलला. "वेणीला?"

"आता मला काय ठावं वेनी का काय. बांदाय बरं पडलं."

आबांना तेवढंच हवं होतं. "तरी मी म्हनत हुतो. साऱ्या गाडीत तुला तेवडीच जागा घावली? म्हैनाभर घाम गाळला ह्या बाईनी, आनि तू लिंबानं वाट लावली."

सगळे मागच्या बाजूला गेले. आक्का सगळ्यांच्या पुढं. त्या वाकल्या आणि तशाच थांबल्या.

"न्हाय की," त्या हळू म्हणाल्या. "लिंबू न्हाय हितं."

त्यांच्या लेखी लिंबू आपोआप पडणं म्हणजे काय, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्यांचा उजवा पाय नकळत मागं सरकला. आबा अजून त्यांनाच बोलत होते. भाऊसाहेब मान हलवत होते, लोकांच्या अशा समजुतींमुळंच सगळं होतं अशा अर्थानं. मी गप्प राहिले असते तर दोष लिंबाला लागला असता. माझ्या वडिलांच्या प्रत्येक पत्रकाला इतका चांगला पुरावा कधी मिळाला नव्हता. एक शिकलेली बाई राबते, विज्ञान उभं करते आणि अंधश्रद्धा ते पाडते. तीन मागण्यांसकट पत्रक माझ्या डोक्यात तयार होतं. फक्त ते खोटं होतं.

"मी कापलं," मी म्हणाले. "काल दुपारी. शेवटचा हात माझा."

 आबा आक्कांना बोलायचे थांबले. आक्कांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. पडलं नव्हतं, कापलं होतं, हे कळल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला असावा.

काकूंनी फक्त कामाचं विचारलं. "नुसती लिंबाची तार कापलीस, की काळं होतं तेही?"

"काळं. मला दोरा वाटला."

"तुकडा कुठं आहे?"

मी उसाकडं हात केला. काकूंनी घड्याळ बघितलं, अकराला बारा मिनिटं कमी. मी निघालेच होते, तर आक्कांनी मागून माझा दंड धरला.

"आशी न्हाय जायाचं उसात," त्या म्हणाल्या. कुडाला टेकवलेली काठी घेतली आणि माझ्या पुढं चालू लागल्या. ज्या बाईच्या लिंबाला मी विचारलंसुद्धा नव्हतं ती बाई, दोन बधिर बोटांच्या पायानं, माझ्यासाठी सरीतून काठी आपटत चालली होती. मी काही बोलू लागले तर म्हणाल्या, "आदी खाली बघ. बोलायचं मागनं."

चौथ्या सरीत लिंबू दिसलं. मिरच्या, तार आणि तिच्या पिळात अडकलेला वीतभर काळा तुकडा, सगळं जसंच्या तसं.

काकूंनी टेप सोलली. आतून तांबं चमकलं. सोल्डर मारायला वेळ नव्हता. त्यांनी आबांना ठिबकच्या पाइपाच्या क्लिपा मागितल्या. आबा चार घेऊन आले. तुटक्या टोकांवर तुकडा ठेवून काकूंनी एकेक क्लिप आवळली. लिंबाची तार तुकड्याला इतकी घट्ट पिळलेली होती की सोडवायला दोन-तीन मिनिटं गेली असती.

"हे काढू?" मी कटर पुढं केलं.

"तू कटर खाली ठेव," काकू म्हणाल्या, आणि आबा इतक्या वेळात पहिल्यांदा हसले. "लिंबू राहू दे. त्याचा त्रास नाही, फायदाही नाही. वेणी पाहिजे."

अकराला दोन मिनिटं कमी असताना काटा खाली आला. पूर्ण नाही, पण पुरेसा. सर पलीकडून म्हणाले, "आता स्पष्ट. मघाशी तुमचा श्वाससुद्धा पोचत नव्हता."

भाऊसाहेबांनी पाकीट फोडलं. काकूंनी माइक माझ्या हातात दिला.

मला तो नको होता. तेही त्यांना दिसलं असणार, कारण त्या फक्त म्हणाल्या, "बटण दाब, वाच, सोड."

मी वाचलं. मजकूर कचेरीत बसून कुणीतरी लिहिला होता. वरकुटे शिवार. रस्ता बंद. अठरा माणसं शाळेत. एक, आठ. त्यात दोन लहान मुलं. एका बाईला सर्पदंश, उजवा पाय. लस आणि वाहन हवं, गावाच्या पूर्वेकडच्या रस्त्यानं यावं. आकडे मी सुटे करून दोनदा सांगितले. गावाचं नाव अक्षर अक्षर सांगितलं. एकही शब्द माझा नव्हता, आणि मी आजवर इतकं जपून काही वाचलेलं नाही. बटण सोडलं.

इंदापूरहून सरांनी सगळं परत वाचून दाखवलं. भाऊसाहेब कागदावर बोट फिरवत ऐकत होते. शेवटच्या शब्दाला त्यांनी मान हलवली. हौद्याला टेकून उभ्या असलेल्या आक्का म्हणाल्या, "ह्ये आमचंच हाय की सारं. कुनी सांगितलं त्यास्नी?"

"कुणी नाही," काकू म्हणाल्या. "पावसाळ्यात तालुक्यात कुठंतरी हे असतंच."

मग साहेबांचा स्वतःचा आवाज आला. त्यांना एकच विचारायचं होतं. सर म्हणतात साडेदहाला संपर्क होत नव्हता, अकराला झाला, मधल्या वेळात काय झालं?

आबांनी काकूंना हातानं खूण केली. काहीतरी सांगा, हवा, ढग, काहीतरी. काकूंनी माइक घेतला.

"आमच्याच हातून एक जोड तुटला होता," त्या म्हणाल्या. "शोधायला वीस मिनिटं लागली, जोडायला आठ. गाडीत जादा वेणी ठेवायला हवी होती, ती मी ठेवली नव्हती. ती माझी चूक. ओव्हर."

 माझं नाव त्यांनी घेतलं नाही आणि खोटंही बोलल्या नाहीत. दोन्ही एकाच वाक्यात करता येतं हे मला माहीत नव्हतं. मी लिहिलेल्या पत्रकांमध्ये 'आमची चूक' हे दोन शब्द कधी आलेले नाहीत.

"ठीक," साहेब म्हणाले. "गाडी या पावसाळ्यापुरती आराखड्यात घेतो. अट दोन. जादा वेणी गाडीत. आणि दर आठवड्याला एकदा हाक."

आबा टाकीकडं बघत नव्हते. ते गाडीच्या दारावर हात ठेवून उभे होते. भाऊसाहेब मोटारसायकलला किक मारत म्हणाले, "आबा, लिंबू लागू पडलं म्हणायचं." आबांनी माझ्याकडं बघून उत्तर दिलं, "लिंबाला काय म्हनू नगा. त्येला वकील हाय आता."

दुपारी जेवताना मी आक्कांशी बोलले ते इथं सगळं लिहीत नाही. लिंबानं काही होत नाही, हे मी त्यांना सांगितलं. न विचारता कापलं ही चूक होती, हेही सांगितलं. त्यांनी दोन्ही ऐकून घेतलं आणि भाकरी वाढली. "तुजं पटत न्हाय मला," त्या म्हणाल्या. "पर त्वांडावर बोललीस, ह्ये ब्येस."

निघताना काकूंनी मला एक काम दिलं. "गाडीला हात लावणारी माणसं आता वाढतील," त्या म्हणाल्या. "एक पान लिही. दाराच्या आत चिकटवायचं. एक्स्चेंजमध्ये पाटी असायची तसं."

मी आजवर लिहिलेलं ते सगळ्यात छोटं पत्रक. वर दोन ओळी. 'या गाडीला हात लावला असेल तर काय केलं ते लिहा. कुणी रागावणार नाही.' खाली रकाने. पहिली नोंद मी माझ्याच हातानं केली. 'रविवार, दुपार. वेणी कापली. न विचारता.'

पुढच्या आठवड्यात हाक द्यायला गेले तेव्हा नवी वेणी लागलेली होती, जादा वेणी सीटखाली होती. दार उघडून मी पान बघितलं. माझ्या ओळीखाली काकूंची नोंद होती, तिच्याखाली आबांची, आणि सगळ्यात खाली पेन्सिलीनं, दाबून काढलेल्या मोठ्या अक्षरांत:

'शनवार. लिंबू बांदलं. बंपरला. वेनीला न्हाय.'

आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या एका पत्रकाला उत्तर आलं होतं.